चुलीमागची वीतभर भिंत

तम्मा,

तुला मातीत बसवून आलो त्याला आज सहा दिवस झाले, आणि मी अजून सकाळी साडेसहाला जाऊन फोनजवळ बसते. सूनबाई चहा तिथंच आणून ठेवते. सहा दिवस झाले, सगळे माझ्याशी असं हळू बोलायला लागलेत, जणू मीच आजारी आहे. तू कसा बोलायचास! रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा. "अक्का, जागी हाईस का?" मी म्हणायची, "न्हाई, झोपंत बोलतोय." "बरं, झोप मग," म्हणून ठेवून द्यायचास. एवढ्यासाठी कळंब्याच्या त्या बूथपर्यंत रोज चालत यायचास. मी जागी आहे का, एवढंच बघायला.

तुझा महेश म्हणाला, "आत्ती, समाजाच्या मासिकात अण्णांवर लिहायचंय, तू लिही." मी म्हटलं, बाबा रे, कधी जन्मला, कुठल्या कारखान्यात किती वर्षं काढली, ते तू लिही. मला ते तसं ओळीनं येत नाही. मला त्याच्याशी बोलायचंय. खरं सांगू का, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. महेशला नाही, माझ्या लेकाला नाही. आज कळंब्याला जाऊन आले म्हणून लिहायला तरी बसले. नाहीतर हात उचलला नसता. तेव्हा शेवटपर्यंत ऐक, मधे बोलू नको. आपल्या जन्मातलं हे पहिलंच बोलणं असेल, ज्यात तू मधे बोलणार नाहीस.

त्या दिवशी दहा वाजले असतील. मी भाकरी थापत होते. फोन आला तो तुझ्या शेजारच्या दत्तूभाऊंचा.

"अक्का, तम्माण्णा उठंनात."

"उठंनात म्हंजे? पाणी मारा की तोंडावर! सोंग करत आसंल त्यो."

"मारलं, अक्का."

एवढंच म्हणाले.  मला तरी कळलं नाही. मी आपली चिडलेच तुझ्यावर. रिक्षात बसल्यावरसुद्धा पुटपुटत होते, थांब येतोय मी, बघतोच तुझ्याकडं. हाताचं पीठ धुवायचं राहिलं होतं. आमच्या बावड्यापासून कळंब्यापर्यंत ते हातावर वाळलं आणि तडकलं. तुझ्या कपाळावर हात ठेवला तर तुला पांढरे डाग लागले. कुणी बाई पदरानं पुसायला गेली, मी म्हटलं, राहू दे गं.

तू खुर्चीत बसला होतास. तीच लोखंडी खुर्ची, तुझ्याच हातच्या वेल्डिंगची. मफलर गळ्यात, चष्मा कपाळावर चढवलेला. काहीतरी आठवायला बसलाय असा. आणि आपल्यात बसवूनच पुरतात, त्यामुळं काय झालं, तू मला आडवा झालेला दिसलाच नाहीस. खुर्चीतून उठवला आणि खाली नेऊन परत बसवला. वर विभूती, बेल. म्हणून असेल, माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. आडवा पडलेला माणूस गेला हे डोळ्यांना पटतं. बसलेला माणूस गेला असं कसं मानायचं? बसलेला माणूस आता उठतो, चपला घालतो, "चल अक्का, बस स्टँडपर्यंत सोडतो" म्हणतो.

डॉक्टर आले होते. हृदय थांबलं म्हणाले. दोन वर्षं तुझी गोळी चालूच होती, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पण बाहेर बायकामाणसं जमली होती तिथं दत्तूभाऊ सांगत होते, "सकाळी दुधाला आलं न्हाईत म्हणून बघाय गेलो. दार आतनं लोटलेलं. खिडकी बंद. चूल कोमट हुती अजून." सगळ्यांनी च्च्च केलं. चहा करून प्यायला असेल बिचारा, असं कुणी म्हणालं. बोलणं पुढं गेलं.

माझं नाही गेलं. दार बंद, खिडकी बंद, चूल कोमट. मी तेवढंच मनात परत परत म्हणत राहिले, तम्मा. कारण त्या चुलीमागं मी काय करून ठेवलं होतं, ते तिथं जमलेल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

आता आधीपासून सांगते. तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला नाही.

माझी भावजय कमळा गेली, महेश पुण्याला, आणि तू कारखान्यातून सुटलास. घरात करमेना तुला. कळंब्याच्या तलावाच्या अंगाला दोन गुंठे होते, तिथं खोली बांधतो म्हणालास. मला वाटलं चार दिवसांचं खूळ. तर तू अँगल कापून सांगाडा उभा करून मोकळा. दहा बाय दहा. वर आपल्या गावाकडच्या घराचे जुने सागवानी वासे, त्यावर पत्रा. भिंतीपण पत्र्याच्याच करणार होतास. मी आडवी आले. "उन्हाळ्यात भाजून निघशील, वांग्यागत. तुरकाट्यांचा कूड कर, मी लिंपून देतो." तू म्हणालास, "माती म्हंजे दर वर्षाला काम." मी म्हणाले, "मग मी मेलोय का?" झालं, तुरीच्या काट्या आल्या, कूड झाला, मी आतून बाहेरून शेणमातीनं लिंपला. लोखंड तुझं, माती माझी. लहानपणापासून हेच. तुला खिळा सापडला की तू खूश, मला ओली माती.

मग थंडी आली आणि तुला चूल पाहिजे झाली.

इथं आपली खरी जुंपली. नव्वद सालानंतरची सात-आठ वर्षं मी आमच्या महिला मंडळातर्फे गावोगाव बिनधुराच्या चुली बांधत फिरले होते. माती, तूस, शेण, दोन भांड्यांना दोन वायली, मागं धुराडं. किती बायकांचे डोळे वाचले असतील. माझ्या भावाच्या खोलीत चूल बसणार आणि ती मी बांधणार नाही? पण तुझ्या डोक्यात वेगळंच. बोअरला घालतात त्या जाड पाइपचा हातभर तुकडा तू आणलास, खाली गजाचे तीन पाय, पुढं दार, वर तवा बसेल एवढं तोंड. मी बघितलं आणि म्हणाले, "ही चूल का तोफ?"

"तुझी मातीची चूल तडकती. ही तुझ्यामाझ्या मागं राहील."

तसंच झालं की रे. राहिली.

बसवायला मात्र तू तीन दिवस घेतलेस. मला वाटलं होतं, ठेवली आणि पेटवली. तू खाली विटांचा ओटा केलास, चुलीच्या पुढं दोन हात वाढवून, निखारा पडला तर विटेवर पडावा म्हणून. मागं कूड, म्हणजे आत काट्या. तर कुडाला आड म्हणून पत्रा उभा केलास, पण चिकटवून नाही. मधे मोजून चार बोटं जागा ठेवलीस. मी म्हटलं, "चिकटव की, झुरळं होतील." तू म्हणालास, "पत्रा तापला की भिंत तापती. मधी हवा खेळली की भिंतीला कळतच न्हाई की पुढं जाळ हाय." आणि चूल त्या पत्र्यापासून हातभर पुढं ओढलीस. दहा फुटांच्या खोलीत! मी म्हटलं, आता तू झोपणार कुठं, चुलीच्या मांडीवर?

नळी वर पत्र्यातून काढायची तिथं एक वासा आडवा येत होता. मी म्हणाले, नळी जरा वाकडी घे, गावाकडचा वासा आहे, बापाच्या हातचा. तू सरळ करवत घेतलीस आणि वासा तोडून दुसरा आधार दिलास. मी दोन तास बोलले नाही तुझ्याशी. दोन तासांनी तू म्हणालास, "अक्का, नळी सरळ गेली तरच धूर सरळ जातोय. आणि लाकूड नळीपासनं हातभर लांब पायजे, मग ते बापाचं आसू दे न्हाईतर देवाचं." मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. आज दाखवते.

आणि नळीचे सांधे! मी म्हटलं, खालची नळी वरच्या नळीत घाल, नाहीतर फटीतनं धूर येईल. माझ्या चुलींना मी तसंच करत आले होते. तू उलटं केलंस, वरची नळी खालच्या नळीत. "धूर वर ओढला जातोय, त्यो फटीतनं बाहेर येत न्हाई. पण काजळीचं पाणी खाली उतरतंय. ते नळीच्या आत उतरलं पायजे, भाईर ओघळून पेटलं तर?" मी एवढ्या चुली बांधल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी "बरं बरं" म्हणाले. खरं म्हणजे त्या रात्री घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं.

वरच्या पत्र्यात नळीपेक्षा मोठं भोक, फट झाकायला गळपट्टी, वर पाऊस येऊ नये म्हणून छत्री. पत्र्याच्या माथ्यापेक्षा नळी तीन फूट उंच. दत्तूभाऊ बांधावरून ओरडले, "तम्माण्णा, साखर कारखाना काढताय काय?" तू वरून ओरडलास, "व्हय, ऊस घालाय या!" नळी पूर्ण बंद होईल अशी झडप लावायला मात्र तू नाही म्हणालास. आणि चिपाड जाळायचं नाही, गुऱ्हाळातून फुकट मिळत असलं तरी. भडका उठतो, नळी लाल होते. वाळलेली बाभळ, तीही बोटभर जाडीची. महिन्याला नळी ठोकून काजळी काढायची. तू मला बजावत होतास! मला! मी म्हटलं, "सगळ्या तालुक्याला मी शिकवलं, आता तू मला शिकीव."

राहिलं ते एकच. भोक.

चुलीच्या मागं, कुडात, जमिनीपासून वीतभर उंचीवर तू सुरीनं गोल भोक पाडलंस, दोन बोटं जातील एवढं. माझ्या लिंपलेल्या भिंतीत. माझ्या समोर.

"ह्ये काय करायलायस?"

"चुलीला वारं नको?"

"वर नळी हाय न्हवं? धूर वर जातोय. खाली भोक कशाला?"

"वर सोडती तेवढं खालनं घ्यायला नको? खोलीतलं घेईल, ते सरलं की तुझ्या नाकातलं घेईल."

"आमच्या चुलीनं आजवर कुणाच्या नाकातलं घेतलं न्हाई."

"तुमच्या चुली कौलाखाली, अक्का. कौलातनं आभाळ दिसतंय. ही खोली तू लिंपून लिंपून डब्यागत बंद केलीयास."

"म्हणून भोकं पाडून बासरी करणार? उंदीर येतील, साप येईल, गार वारं येईल. छाती भरलीया तुझी, खोकला बघ आधी."

मग तू खाली बसलास आणि तुझ्या जोडीला काम करणाऱ्या श्रीपतीची गोष्ट सांगितलीस. कारखान्यातल्या एका कोपऱ्यातल्या खोलीत ओतकामाच्या साच्याची माती वाळवायला कोक-कोळशाची शेगडी ठेवायचे. पावसाळ्याचे दिवस, दार लावून तिघंजण आत. ना धूर, ना वास. श्रीपती गप्पा मारता मारता हसायला लागला, म्हणाला डोकं हलकं झालंय, आणि बसल्या जागी कलंडला. तूच पाय धरून त्याला बाहेर ओढलंस. बाहेर वाऱ्यावर ओकला, मग डोळे उघडले. "ज्याला वास न्हाई त्ये जनावर वाईट, अक्का. धूर दिसतोय, माणूस पळतोय. ह्ये दिसतच न्हाई. माणूस बसल्या बसल्या झोपल्यागत जातोय."

बसल्या बसल्या झोपल्यागत. हे तुझे शब्द. सहा दिवस माझ्या कानात हेच वाजतंय.

मी तेव्हा काय म्हणाले? मी म्हणाले, "तुमचा कारखाना येगळा, घर येगळं." आणि विषय तिथंच राहिला. तू जाळी आणून नळीचा तुकडा बसवणार होतास, तोवर भोकात गोणपाटाचा बोळा कोंबून ठेवलास. पहिल्या दिवशी दूध उतू घालवलं, नुसत्या काटक्यांचा जाळ केला, मग बोळा काढून तू मला उदबत्ती पेटवायला लावलीस. भोकाशी धरली तर बाहेरून आत वारं आलं आणि धूर सरळ चुलीच्या दिशेनं गेला. "बघ, घर श्वास घेतंय." मी म्हटलं, "घर श्वास घेतंय आणि माझं गुडघं गारठायलंय." चूल विझल्यावर बोळा परत कोंबला.

मग भोगीचा दिवस.

मी बाजरीचं पीठ, तीळ, वांगी घेऊन आले. खोली झाल्यापासून तिला सणाचं सारवण झालंच नव्हतं. तू दुधाला गेला होतास. मी पदर खोचला. आपली आई, अव्वा, म्हणायची, सारवताना जागा सोडू नये, सोडलेल्या जागी अवदसा येऊन बसते. अव्वा गेली तेव्हा तू सात वर्षांचा, मी चौदाची. तिनं मला दुसरं काय ठेवलं? हे एवढं सारवणच. हात असा गोल फिरत गेला पाहिजे, कुठं खंड नाही. तुझ्या चुलीमागं आले. पत्र्याच्या मागं हात घातला. मनगटाला गार वारं लागलं. तो बोळा अर्धा बाहेर आला होता. रात्रभर तू खोकतोस असं दत्तूभाऊ म्हणाले होते. मनात म्हटलं, थंडीपुरतं बुजवते, उन्हाळ्यात काढू. बोळा काढून टाकला, दोन मुठी माती घातली, तळवा फिरवला. भिंत कशी एकसारखी झाली! बरं वाटलं मला, तम्मा. खोटं कशाला सांगू, भांडण जिंकल्यासारखं वाटलं.

तू आलास, दाराशी उभा राहून सगळं बघितलंस. म्हणालास, "झकास." भोकाचं काहीच नाही. मला वाटलं, तुझ्या लक्षातच आलं नाही. मीही बोलले नाही. तीळ लावलेल्या दोन भाकऱ्या खाल्ल्यास, तिसरी डब्यात ठेवलीस. मी संध्याकाळच्या बसनं परत.

तीन आठवड्यांनी तू गेलास.

म्हणजे आता समजलं ना, मी सहा दिवस कशी होते? लोक येत होते, म्हणत होते, "अक्का, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला, त्रास नाही." प्रत्येक माणूस तेच म्हणे. बसल्या जागी. मी मान हलवायची आणि मनात त्या भिंतीवर तळवा फिरवायची. डॉक्टरला विचारावं असं दोनदा वाटलं. काय विचारणार? महेश माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते आणि बघत होते, हाच हात.

तुझ्यावरही चिडले मी. तुला दिसलं नसेल? सगळ्या जगाच्या नळ्या तपासणारा तू, रोज त्या चुलीपुढं बसणारा तू, तुला तुझं भोक बुजलेलं दिसलं नाही? का दिसलं आणि अक्काचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसलास? तसं असेल तर तो केवढा मूर्खपणा, तम्मा! आयुष्यभर माझं एक वाक्य तू वाद घातल्याशिवाय सोडलं नाहीस. मी शाळेत गेले नाही, तू गेलास. संध्याकाळी तू पाटी घेऊन माझ्यापुढं बसायचास, भाकरी थापता थापता मला अक्षरं काढायला लावायचास, तव्याच्या काजळीत. "अक्का, ळ असा न्हाई, पोट बघ त्याचं!" आठ वर्षांचं पोर, मला रागवायचं. आज हे लिहितेय ती अक्षरंसुद्धा तुझीच. आणि नेमकं ह्या एका ठिकाणी तू भांडला नाहीस?

आज सकाळी मी फोनजवळ बसले होते आणि उठले. सूनबाईला म्हटलं, कळंब्याला जातो, खोली झाडायची राहिलीय. एकटी जाऊ नका म्हणाली. मी म्हटलं, दत्तूभाऊ आहेत तिथं.

दत्तूभाऊंनी किल्ली दिली. सोबत आले. मी दाराशी बराच वेळ उभी राहिले. त्यांना वाटलं रडू येतंय. रडू नव्हतं येत. मी पाय उचलत नव्हते. आत गेल्यावर भिंतीवर माझा तळवा दिसेल आणि मग जन्मभर तोच दिसत राहील, हे मला ठाऊक होतं.

"अक्का, बसा जरा," दत्तूभाऊ म्हणाले.

"बसायला न्हाई आलो," म्हटलं आणि आत गेले.

खुर्ची तशीच. चुलीवर चहाचं पातेलं, तळाला चहाची पूड चिकटलेली. म्हणजे सकाळचा चहा पिऊन गेलास. चुलीमागं बघितलं तर पत्र्याच्या मागच्या फटीशी तुझा बसायचा पाट उभा करून ठेवलेला. आणि मला आठवलं. रथसप्तमीला मी धावती येऊन गेले होते, तेव्हाही तो पाट तिथंच होता. मी म्हटलं होतं, "पाट तिथं कशाला? जळंल." तू घाईनं म्हणालास, "आसू दे, ओला हाय, वाळाय ठेवलाय." आणि चहा पुढं केलास.

मी पाट बाजूला केला. तो भिंतीला चिकटून नव्हता. मधे चार बोटं जागा होती.

मागं भोक होतं.

उघडं. नुसतं उघडं नाही, त्यात लोखंडी नळीचा तुकडा बसवलेला, तोंडाला बारीक जाळी, उंदीर येऊ नयेत म्हणून. साप येऊ नये म्हणून. मी म्हटलं होतं ते सगळं त्या जाळीत होतं. आणि नळीच्या भोवती वीतभर जागा परत लिंपलेली. ते लिंपण बघून मी खाली बसले. असलं लिंपण बाईच्या हातचं नसतं. शेण कमी, माती जास्त, थापीनं दाबलेलं, कडेला फुगवटा, मधे अंगठ्याचा खळगा. गवंड्यानं मारलंय का लोहारानं, असं. माझ्या एकसारख्या भिंतीत ते ठिगळ लांबून ओळखू यावं. म्हणून पाट. मला दिसू नये म्हणून पाट.

"ह्ये कधी केलं ह्यानं?" मी दत्तूभाऊंना विचारलं.

"संक्रांतीदिवशीच की, अक्का. सकाळी सकाळी आमच्याकडं शेण मागाय आले. आमची बायको म्हणाली, तम्माण्णा, सारवण झालं न्हवं काल? तर म्हणाले, झालंय ब्येस, पण एक वीत माझी हाय. अक्काला सांगू नगा, तिला वाटंल तिचं सारवण मला आवडलं न्हाई."

मी उठले. चुलीत दोन काटक्या घातल्या, पेटवल्या. नळी तापायला वेळ लागला. मग कोनाड्यातली तुझी उदबत्ती घेतली, पेटवली आणि त्या जाळीशी धरली. धूर आधी इकडं तिकडं झाला. मग सरळ झाला. बाहेरून आत आला, माझ्या हातावरून गेला, चुलीकडं गेला. घर श्वास घेत होतं. दार बंद, खिडकी बंद असूनही घेत असणार, तू बसला होतास तेव्हाही.

तेव्हा मला रडू आलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. दत्तूभाऊ बाहेर जाऊन उभे राहिले.

तू हृदयानं गेलास, तम्मा. माझ्या हातानं नाही. हे मी आता खात्रीनं लिहू शकते, आणि तरी हात हलका होत नाही. कारण जाळी तू बसवलीस म्हणून मी सुटले. न बसवतास तर? एवढी शहाणी अक्का, चुली बांधणारी, आणि एका तळव्यानं काय करून बसले असते. महिला मंडळाच्या बायकांना मी आता सांगणार आहे, पुढच्या बैठकीत, सगळं. चूल कुणाची का असेना, खोली लहान आणि बंद असेल तर खाली भोक पाहिजे, आणि सणाच्या सारवणात ते बुजवू नका. कुणी बुजवलं होतं हेही सांगेन.

भांडण तू जिंकलास. दुसऱ्याच दिवशी जिंकलास आणि तीन आठवडे माझ्यासमोर हरल्यासारखा बसलास. "झकास" म्हणालास. सकाळी साडेसहाला "अक्का, जागी हाईस का?" म्हणालास. जागी नव्हते रे मी. आता आहे.

महेश म्हणतो खोली विकूया. मी नाही म्हटलंय. चूल तिथंच राहील, नळी महिन्याला ठोकायला दत्तूभाऊ आहेत. पुढच्या भोगीला मी येईन, शेणमाती कालवीन, अव्वाच्या हातासारखा हात फिरवीन आणि सगळी खोली सारवीन. ती एक वीत सोडून.